यंत्राची नजर आणि वैद्याची नजर

नेत्रवैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक जुनी उक्ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकविली जाते. डोळ्यामागील मज्जातंतूचा दाह होतो तेव्हा रुग्णाला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, अशी ती उक्ती आहे. ती विनोदाने सांगितली जात असली, तरी तीत वैद्यकशास्त्राची एक खरी अडचण बोलून दाखविलेली आहे. एका डोळ्याने दोन-तीन दिवसांत अंधुक दिसू लागले, अशी तक्रार घेऊन रुग्ण येतो. डॉक्टर ऑफ्थॅल्मोस्कोपच्या प्रकाशात डोळ्याचा आतील भाग तपासतो, तो भिंग स्वच्छ, दृष्टिपटल निरोगी आणि मज्जातंतूचे डोळ्यात दिसणारे टोकही जसे असावयास हवे तसेच. दाह झालेला असतो तो नेत्रगोलाच्या मागे, जेथे कोणाचीही नजर पोहोचत नाही. या विकाराच्या दर तीन रुग्णांपैकी सुमारे दोघांची गोष्ट अशी असते. मग कोणाला नवा चष्मा दिला जातो, कोणाला विश्रांती घ्यावयास सांगितले जाते, आणि परीक्षेच्या दिवसांत एखादी विद्यार्थिनी अशी तक्रार करू लागली, तर तिच्या मनावर ताण आला असावा, असा निष्कर्ष काढून घरची मंडळी मोकळी होतात.

जेथे नजर पोहोचत नाही तेथे पोहोचणारे साधन गेल्या चाळीस वर्षांत वैद्यकाच्या हाती आले आहे. एमआरआय हा शब्द आता महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावीही अपरिचित राहिलेला नाही, आणि ‘एमआरआय काढला, त्यात काही निघाले नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. नेमका याच वाक्यात एक धोका दडलेला आहे. यंत्र आले म्हणजे निदान आले, असे होत नाही. यंत्राला कोणता प्रश्न विचारला, केव्हा विचारला आणि त्याचे उत्तर कोणी वाचले, यांवर त्या उत्तराची किंमत ठरते. नेत्रमज्जातंतूच्या दाहाच्या बाबतीत हे जितके स्पष्टपणे दिसून येते तितके क्वचितच अन्य विकारात दिसत असेल. म्हणून हा विषय केवळ तज्ज्ञांच्या परिषदांसाठी सोडून देण्यासारखा नाही.

ऑप्टिक न्यूरायटिस या नावाने ओळखला जाणारा हा विकार म्हातारपणाचा नव्हे. मोतीबिंदू आणि काचबिंदू उतारवयात गाठतात, तर हा वीस ते पंचेचाळीस या कर्त्या वयातल्या माणसांना, आणि त्यांतही पुरुषांपेक्षा स्त्रियांना, अधिक प्रमाणात होतो. बहुधा एकच डोळा आधी दुखू लागतो, विशेषतः तो इकडेतिकडे फिरविताना. त्यानंतर काही तासांत किंवा काही दिवसांत दृष्टी मंदावते. रंग फिके पडतात, आणि त्यांतही लाल रंग आधी. वह्या तपासणाऱ्या शिक्षिकेला आपलीच लाल शाई एका डोळ्याने विटकरी किंवा पुसट दिसावी आणि दुसऱ्या डोळ्याने लालभडक दिसावी, हे या विकाराचे एक बोलके लक्षण आहे. डॉक्टरला आणखी एक खूण सापडू शकते. विजेरीचा प्रकाश निरोगी डोळ्यावरून चटकन आजारी डोळ्यावर नेला, तर आजारी डोळ्याची बाहुली आकसण्याऐवजी किंचित मोठी होते, कारण त्या डोळ्याकडून मेंदूला प्रकाशाची वर्दी पुरेशी पोहोचत नाही. या परीक्षेला एक विजेरी, अंधारी खोली आणि दोन मिनिटे एवढेच लागते. यंत्राची चर्चा सुरू करण्यापूर्वी हे ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सारा विचार या दोन मिनिटांवर उभा आहे.

नेत्रमज्जातंतूची रचना पाहिली म्हणजे या दाहाचे महत्त्व डोळ्यापुरते मर्यादित का नाही, याचा उलगडा होतो. दृष्टिपटलावर उमटलेले चित्र मेंदूकडे वाहून नेणारा हा मज्जातंतू सुमारे पाच सेंटिमीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर जाड असतो. त्यात दहा लाखांहून अधिक सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्यावर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. हातापायांच्या मज्जातंतूंहून तो एका बाबतीत वेगळा आहे. तो वस्तुतः मेंदूचाच बाहेर आलेला भाग असून त्याचे आवरणही मेंदूतील आवरणासारखेच असते. म्हणूनच शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते, तेव्हा तिचा पहिला आघात पुष्कळदा येथे होतो. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा त्या जातीचा सर्वांत प्रसिद्ध रोग. त्यात मेंदू व मेरुरज्जू यांमध्ये ठिकठिकाणी मायलिनचा नाश होत जातो आणि वर्षानुवर्षांच्या झटक्यांनी माणूस अपंग होऊ शकतो. अंधुक झालेला डोळा हा अशा दीर्घ आजाराचा पहिला इशारा असू शकतो.

हा इशारा वाचण्याचे साधन मिळण्यास विसावे शतक बरेच सरावे लागले. क्ष-किरणांना हाडे दिसत, परंतु मऊ मज्जातंतू दिसत नसत. हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ मध्ये ज्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्या सीटी स्कॅनने कवटीच्या आतील चित्र दाखविले, पण मज्जातंतूमधील दाह त्यालाही नीट टिपता येत नसे. १९७२ मध्ये लंडनच्या हॅलिडे, मॅक्डॉनल्ड आणि मुशिन यांनी वेगळी वाट धरली. बुद्धिबळाच्या पटासारखी हलती नक्षी डोळ्यासमोर धरली असता मेंदूच्या मागील भागात उमटणारी विद्युत्‌लहर, दाह झालेल्या डोळ्याच्या बाबतीत उशिरा उमटते, हे त्यांनी दाखवून दिले. संदेश उशिरा पोहोचतो हे त्यावरून कळले, मात्र वाटेत बिघाड कोठे आहे हे दिसत नव्हते. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून प्रतिमा मिळविता येते हे सिद्ध केले. लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना त्या कार्याबद्दल २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्रात क्ष-किरणांचा उपयोग नसतो. बलाढ्य चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजन अणुकेंद्रांना रेडिओलहरींचा धक्का दिला जातो आणि ती पूर्वस्थितीला येताना जो संकेत देतात त्यावरून चित्र तयार होते. सुजलेल्या जागी पाणी वाढते, म्हणून दाह उजळ दिसतो. पण डोळ्याच्या खोबणीत नेत्रमज्जातंतू सर्व बाजूंनी चरबीने वेढलेला असतो आणि चरबीही चित्रात उजळच दिसते. चुन्याच्या भिंतीवर खडूने काढलेली रेघ जशी दिसू नये, तसा त्या चरबीत तो दाह हरवून जातो. यावर उपाय सापडला तो चरबीचा संकेत दाबून टाकण्याच्या पद्धतीत. १९८० च्या दशकात लंडनमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीमुळे सभोवतालची चरबी काळी पडते आणि सुजलेला मज्जातंतू तीत उठून दिसतो. गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्ट औषध शिरेतून दिले म्हणजे चित्र आणखी स्पष्ट होते, कारण ताज्या दाहाच्या जागी रक्तवाहिन्यांची रोधकशक्ती ढिली पडून ते औषध तेथे झिरपते. योग्य पद्धतीने आणि पहिल्या काही आठवड्यांत तपासणी झाली, तर दाह झालेल्या दर शंभर मज्जातंतूंपैकी नव्वदांहून अधिक या चित्रात ओळखू येतात. जेथे डॉक्टरला काही दिसत नव्हते तेथे आता दिसू लागले, ही वैद्यकाची खरोखरीच मोठी प्रगती होय.

मात्र वरील वाक्यातील ‘योग्य पद्धतीने’ आणि ‘पहिल्या काही आठवड्यांत’ हे शब्द दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. डॉक्टरच्या चिठ्ठीवर पुष्कळदा केवळ ‘एमआरआय ब्रेन’ एवढेच लिहिलेले असते. मेंदूच्या नेहमीच्या तपासणीत सुमारे पाच मिलिमीटर जाडीचे छेद घेतले जातात. तीन-चार मिलिमीटर जाडीचा मज्जातंतू त्यांत हाती लागणे हा बव्हंशी नशिबाचा भाग असतो. चरबीचा संकेत दाबलेला नसतो, डोळ्याच्या खोबणीचे समोरून घेतलेले पातळ छेद नसतात आणि कॉन्ट्रास्टही दिलेले नसते. अशा तपासणीचा ‘सर्व काही ठीक’ असा अहवाल येतो तेव्हा तो खोटा नसतो. जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिलेले असते. परंतु काही हजार रुपये खर्चून तो अहवाल हाती घेणाऱ्या कुटुंबाला असे वाटते की, एवढ्या मोठ्या यंत्राने काही दाखविले नाही, अर्थी आजारच नाही. मग पुढील तपासणी थांबते आणि जो वेळ जावयास नको तो जातो. दोन महिन्यांनी कोणी जाणकार भेटला आणि तपासणी नीट झाली, तरी तोवर कॉन्ट्रास्टने उजळणारा दाह ओसरलेला असतो. एक वाया गेलेली तपासणी पुढच्या तपासणीलाही अशी दुबळी करून जाते.

एमआरआयशिवाय या विकाराचे निदानच होत नाही काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १९८८ ते १९९१ या काळात तेथील पंधरा केंद्रांत या विकाराच्या ४५७ रुग्णांना एका उपचार-परीक्षणात सामील करून घेण्यात आले. या रुग्णांचे निदान तक्रारी आणि तपासणी यांवरूनच करण्यात आले होते. डोळा दुखणे, हे लक्षण दहांपैकी नवांच्या वर रुग्णांत होते. ठरावीक लक्षणे असलेल्या रुग्णात निदानासाठी इतर चाचण्यांनी फारशी भर घातली नाही, असेच तेथे दिसून आले. मेंदूच्या एमआरआयने दिली ती वेगळीच गोष्ट, ती म्हणजे भविष्याची सूचना. या रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्या मेंदूच्या पहिल्या चित्रात एकही डाग नव्हता त्यांच्यापैकी २५ टक्क्यांना त्या अवधीत मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला. ज्यांच्या चित्रात एक किंवा अधिक डाग होते त्यांच्यात हे प्रमाण ७२ टक्के निघाले. म्हणजे आज डोळ्याला काय झाले आहे हे विजेरीने आणि लाल रंगाच्या साध्या परीक्षेने कळले, आणि उद्या काय होऊ शकेल हे यंत्राने सांगितले. दोघांची कामे वेगळी आहेत, आणि एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असा त्यात काही अर्थ नाही.

याच परीक्षणाचा दुसरा निष्कर्ष आपल्या औषध-दुकानांच्या देशात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखा आहे. शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड दिल्यास दृष्टी लवकर सुधारते, परंतु वर्षाअखेर त्या रुग्णांची दृष्टी औषध न घेतलेल्यांपेक्षा फारशी सरस राहत नाही, असे आढळले. आणि नेहमीच्या मात्रेतील स्टेरॉइडच्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत तर दाह पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढले. शेजाऱ्याला गुण आला म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळून यावे.

तथापि अमेरिकेतील आकडे जसेच्या तसे येथे लावणे ही दुसरी चूक ठरेल. त्या परीक्षणातील बहुसंख्य रुग्ण गोरे होते आणि त्या समाजात मल्टिपल स्क्लेरॉसिस मुबलक आढळतो. ब्रिटनमध्ये तो लाखामागे शंभराहून अधिक माणसांत असतो. उलट मंगळूर शहरातील जी पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत हे प्रमाण लाखामागे आठच्या आसपास निघाले आणि त्याच पाहणीत न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या दुसऱ्या रोगाचे प्रमाण लाखामागे अडीचच्या आसपास होते. दोन रोगांमधील अंतर येथे पश्चिमेपेक्षा पुष्कळ कमी आहे, हा त्याचा मथितार्थ. फ्रेंच वैद्य देविक यांनी १८९४ मध्ये वर्णिलेला हा दुसरा रोग दीर्घकाळ मल्टिपल स्क्लेरॉसिसचाच एक प्रकार समजला जात असे. २००४ मध्ये त्याच्या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड सापडले, ते ॲक्वापोरिन-४ या प्रथिनाविरुद्ध काम करते हे पुढे स्पष्ट झाले, आणि हा स्वतंत्र रोग असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर मॉग या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी होणारा तिसरा रोगही ओळखू येऊ लागला.

नावांचा हा भेद पुस्तकी नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये डोळ्याची दृष्टी बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरीचशी परत येते. न्यूरोमायलायटिसमध्ये एकाच झटक्यात डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि तेथे स्टेरॉइड देण्यास किंवा रक्तद्रव बदलण्याच्या उपचारास झालेला विलंब महागात पडतो. इतकेच नव्हे, तर मल्टिपल स्क्लेरॉसिसवरील इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब यांसारखी औषधे न्यूरोमायलायटिसच्या रुग्णाला दिल्यास रोग बळावू शकतो. या ठिकाणी एमआरआयचे चित्र मोलाची दिशा देते. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये मज्जातंतूचा लहानसा तुकडाच उजळलेला दिसतो. न्यूरोमायलायटिसमध्ये दाह लांबलचक असतो आणि दोन्ही मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्या मागील भागापर्यंत पोहोचतो. मॉग प्रतिपिंडांच्या रोगात पुढचा मोठा भाग सुजतो आणि पुष्कळदा मज्जातंतूभोवतीचे वेष्टनही उजळते. ही चित्रे दिशा दाखवितात, निवाडा देत नाहीत. निवाड्यासाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी लागते. परंतु तिचा अहवाल येण्यास दिवस लागतात, आणि तोवर उपचारांची दिशा ठरविण्यास चित्राचाच आधार असतो. पश्चिमेत ज्या रुग्णात एमआरआय मुख्यतः भविष्य वाचण्यासाठी काढला जातो, त्याच प्रकारच्या रुग्णात येथे तो वर्तमानासाठीही आवश्यक ठरतो, तो यामुळे.

त्यात भर पडते ती या भूमीतील इतर कारणांची. क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातील नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारांत एथॅम्ब्युटॉल हे औषध आरंभापासून अखेरपर्यंत दिले जाते, आणि काही थोड्या रुग्णांत ते नेत्रमज्जातंतूला बाधते. तेथे दुखत नाही, दोन्ही डोळे हळूहळू मंदावतात, रंग ओळखू येईनासे होतात, आणि एमआरआयमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. अशा वेळी उपचार यंत्रात नसतो. औषध वेळीच डॉक्टरच्या सल्ल्याने थांबविण्यात असतो. विषारी दारूतील मिथेनॉलने अंध झालेली माणसे मुंबईने २००४ च्या विक्रोळीतील आणि २०१५ च्या मालवणीतील दुर्घटनांत पाहिली आहेत. त्यांचेही निदान त्यांच्या हकीकतीत होते. उलट एखादी गाठ मज्जातंतूवर दाब देत असेल किंवा सायनसमधील बुरशी खोबणीत शिरली असेल, तर ते एमआरआयच दाखवू शकतो, आणि तेथे दाह समजून स्टेरॉइड देत राहणे घातक ठरू शकते. कोणत्या रुग्णाला यंत्राची निकड आहे आणि कोणाला प्रश्न विचारण्याची, हे रुग्णाचे ऐकून घेणारा डॉक्टरच ठरवू शकतो.

यंत्रावर अतिविश्वास ठेवण्याची दुसरीही एक बाजू आहे. मेंदूच्या चित्रातील पांढरे ठिपके केवळ मल्टिपल स्क्लेरॉसिसचेच असतात असे नाही. अर्धशिशी, रक्तदाब, वाढते वय यांमुळेही ते दिसू शकतात, आणि काही वेळा पूर्णपणे निरोगी माणसातही ते आढळतात. डोकेदुखीसाठी काढलेल्या स्कॅनच्या अहवालात ‘मायलिनचा विकार असू शकेल’ अशी एक ओळ आली की, पंचविशीतील मुलीचे लग्न मोडू शकते आणि नोकरीत लागलेल्या कारकुनाला आयुष्यभराच्या रोगाचा शिक्का बसू शकतो. मॅक्डॉनल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे निदानाचे निकष २००१ मध्ये प्रथम ठरले आणि नंतर वेळोवेळी सुधारले गेले. २०२४ च्या सुधारणेत नेत्रमज्जातंतूला मज्जासंस्थेतील पाचवे महत्त्वाचे स्थान म्हणून मान्यता मिळाली आहे, आणि तेथील विकृती एमआरआयने, विद्युत्‌लहरींच्या जुन्या चाचणीने किंवा दृष्टिपटलाची जाडी मोजणाऱ्या ओसीटी यंत्राने दाखविता येते. निदान यामुळे लवकर होईल. त्याबरोबर घाईने चुकीचे निदान होण्याची शक्यताही वाढेल. निकष हे रोगाची संशयास्पद लक्षणे असलेल्या माणसाला लावावयाचे असतात, केवळ चित्राला नव्हे, हे त्या निकषांच्या कर्त्यांनी पहिल्यापासून बजावले आहे.

असे असताना सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने काय करावयास हवे, याचा विचार करणे प्राप्त आहे. ज्या देशात साध्या चष्म्यावाचून लाखो लोक अंधूक पाहतात तेथे अशा तुलनेने विरळ विकारासाठी महागडे यंत्र कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो चुकीच्या जागी घेतलेला आहे. या विकारासाठी वेगळे यंत्र घ्यावयाचे नाहीच. यंत्रे इतर रोगांसाठी आलेली आहेत आणि येत आहेत. दीड टेस्लाचे स्वदेशी यंत्र मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘समीर’ या संस्थेच्या पुढाकाराने तयार झाले असून, ते चाचणीसाठी दिल्लीच्या एम्समध्ये बसविण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली. यंत्रांची संख्या वाढेल, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या वापराच्या शिस्तीचा, आणि शिस्तीला यंत्राइतका पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट अशी की, कोणत्याही डोळ्याची दृष्टी काही दिवसांत अचानक मंदावली, तर तो तातडीचा रुग्ण समजण्याची पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रापासून रूढ व्हावयास हवी. विजेरीची परीक्षा आणि रंगांच्या तक्त्यांची परीक्षा प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात झाली पाहिजे. दुसरी गोष्ट, सार्वजनिक रुग्णालयांतील स्कॅनची सेवा अनेक ठिकाणी खाजगी भागीदारीतून चालते. तेथे ठेका देताना केवळ दर ठरवून भागणार नाही. नेत्रमज्जातंतूच्या तपासणीत खोबणीचे पातळ छेद, चरबीचा संकेत दाबणे आणि मूत्रपिंडांची अवस्था पाहून कॉन्ट्रास्ट देणे अंतर्भूत असेल, हे करारातच लिहून घ्यावयास हवे. स्कॅनच्या संख्येवर पैसे मिळू लागले की तपासण्या लवकर उरकण्याकडे कल होतो, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. तिसरी गोष्ट, चित्रे काढणारे केंद्र जिल्ह्यात असले, तरी ती वाचणारा अनुभवी तज्ज्ञ तेथे असेलच असे नाही. चित्रे आता तारेने क्षणात पाठविता येतात. तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांतील तज्ज्ञांनी ती वाचून देण्याची नियमित सोय होणे अशक्य नाही. चौथी गोष्ट, सरकारी विमा योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाभोवती रचलेल्या आहेत. या विकाराचा रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत बाह्यरुग्ण विभागात येतो, आणि त्याची परवड तेथेच सुरू होते. त्याच्या स्कॅनचा आणि प्रतिपिंडांच्या तपासणीचा खर्च योजनेत बसविणे न्यायाचे ठरेल. एक कमावता डोळा गमावल्यावर सरकारला आणि कुटुंबाला जे मोजावे लागते त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

आणि पाचवी गोष्ट डॉक्टरांच्या स्वाधीन आहे. चिठ्ठीवर ‘एमआरआय’ एवढे लिहून न थांबता, कोणत्या डोळ्याची तक्रार आहे, ती केव्हा सुरू झाली, दुखते काय, बाहुली कशी आहे आणि कोणती शंका दूर करावयाची आहे, हे दोन ओळींत लिहिण्याने यंत्राच्या उत्तराची किंमत कितीतरी वाढते. रुग्णानेही ‘काही निघाले नाही’ या अहवालावर समाधान मानण्यापूर्वी, ‘डोळ्याच्या मज्जातंतूची तपासणी यात झाली आहे काय’, असे विचारण्यास संकोच करू नये. तसा प्रश्न विचारणे हा डॉक्टरवरील अविश्वास नसून आपल्या डोळ्याविषयीची जबाबदारी आहे.

रुग्णाला काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही, ही उक्ती जेव्हा रूढ झाली तेव्हा तिला इलाज नव्हता. आज इलाज आहे, आणि तरीही एखाद्या तरुण रुग्णाच्या बाबतीत ती खरी ठरत असेल, तर तो दोष शास्त्राचा म्हणता येणार नाही. विजेरी खिशात असून ती न पेटविणे आणि स्कॅन हाती असून त्याला योग्य प्रश्न न विचारणे, हे दोन्ही टाळता येण्याजोगे आहे. आरोग्य खात्याने जिल्हा रुग्णालयांपुरती तरी ही शिस्त लेखी स्वरूपात घालून दिली, तर कोणत्याही नव्या खरेदीशिवाय काही डोळे नक्कीच वाचतील.